वाऱ्याची सही

१४ सप्टेंबर, शनिवार

धान्याचं कोठार बंद झालं तेव्हा कोऱ्या वह्यांचा गठ्ठा कचऱ्यात चालला होता, त्यातली ही एक मी उचलून आणली. एकतीस वर्षं तिथे वजनकाट्यावर बसलो. गहू आणि ज्वारीचे ट्रक मोजले. व्हर्लिनचा, म्हणजे माझा, काटा चुकला असं एकाही शेतकऱ्याने कधी सिद्ध केलं नाही. म्हणायचे पुष्कळ, सिद्ध कुणी केलं नाही. रोझली म्हणते, रिकामा बसलास की माझ्या डोक्यावर बसतोस, त्यापेक्षा काहीतरी लिही. बायकोचा हुकूम, म्हणून लिहितोय.

सकाळी ड्वेन शेडमध्ये आला. एकाहत्तर वर्षांचा आहे, चाळीस वर्षं बोअर मारले, गुडघे दोन्ही गेले, पण हौस काही जात नाही. आता म्हणतो तिसरी पायरी चढायची. आमच्या रॉकेटच्या छंदात ही सगळ्यात वरची पायरी. मोठं रॉकेट स्वतः बांधायचं, उडवायचं, पॅराशूटखाली धड खाली आणायचं, आणि अधिकारी माणसाने कागदावर सही करायची. आमच्या तीन जिल्ह्यांत तो अधिकारी माणूस मीच आहे.

त्याला म्हटलं, वर बघ आधी. शेडच्या तुळईला माझ्या मुलीचं, कॉरीनचं, रॉकेट टांगलेलं आहे. नऊ फूट लांब, लाल, आणि नळी दीड फूट उभी फाटलेली. खाली पुठ्ठ्यावर माझ्या अक्षरात लिहिलंय : ‘कॉरीन. पॅराशूट घाईत घडी केलं की असं होतं.’ क्लबात नवा सभासद आला की मी आधी हेच दाखवतो. चौदा वर्षं दाखवतोय. ड्वेन म्हणाला, बघून बघून माझी मान गेली, आता उतरव की बाबा. मी म्हटलं, ती पाटी आहे म्हणून तुमची रॉकेटं धड राहतात.

१७ सप्टेंबर

ड्वेनच्या रॉकेटच्या उंचीमापकाचा कप्पा आज मोजला. आतून चार इंच व्यास, आठ इंच लांबी. म्हणजे शंभर घन इंच.

भोकं हा विषय लोकांना किरकोळ वाटतो. रॉकेट वर जातं तशी बाहेरची हवा विरळ होते. कप्प्यातली हवा भोकांतून तेवढ्याच वेगाने बाहेर पडली पाहिजे, कारण उंचीमापक आतल्या हवेच्या दाबावरून उंची ओळखतो. दाब कमी व्हायचा थांबला की त्याला कळतं, माथा आला, आणि तो बारूद पेटवून पॅराशूट बाहेर ढकलतो. भोक फार मोठं झालं तर वाऱ्याचा झोत आत शिरतो आणि पॅराशूटची छत्री भलत्या वेळी उघडते. माझ्या पहिल्याच वर्षी हे झालंय, तेव्हापासून मोठ्या भोकाचं मला वावडं आहे.

शंभर घन इंचाला एक पाव इंची भोक, हा सगळीकडचा नियम. पाव इंच म्हणजे दोन सूत. पण एका बाजूला एक भोक ठेवलं तर वारा त्याच बाजूने खेळतो, म्हणून आम्ही चौफेर चार पाडतो. दोन सूत भागिले चार, म्हणजे प्रत्येकी अर्धं सूत. असा सगळ्या मापांचा तक्ता मी वीस वर्षांपूर्वी करून शेडच्या दारावर लावलाय, शेजारच्या क्लबानेही त्याची नक्कल नेली. ड्वेन अर्ध्या सुताचा ड्रिल हातात धरून म्हणाला, “चाळीस वर्षं मी भोकंच पाडली व्हर्लिन, पण असलं पिसवेच्या नाकाएवढं भोक पाडताना लाज वाटते.” मी म्हटलं, बोअरला पाणी नाही लागलं तर पैसे परत द्यायचे नसतात, इथे रॉकेट धड परत आणावं लागतं. पाडली त्याने मुकाट्याने. वर रंगाचे तीन हात दिले.

२२ सप्टेंबर, रविवार

रविवारी दुपारी टुसानहून कॉरीनचा फोन येतो. आईला. मी शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज बारीक करून बसतो, म्हणजे त्यांना वाटतं मला ऐकू येत नाही. आज बोलणं कॉरीनच्या गुडघ्याबद्दल आणि तिच्या कुत्र्याबद्दल होतं. शेवटी रोझली म्हणाली, डॅड बरे आहेत, ड्वेनला शिकवतायत. पलीकडे काय म्हणाली कळलं नाही. रोझली नुसतं ‘हं’ म्हणाली.

विमानं बांधायची म्हणून विचिटाच्या कॉलेजात गेलेली पोर. एकोणिसाव्या वर्षी तिसऱ्या पायरीला उभी राहिली, दोन वर्षं खपून बांधलं होतं. छत्री उशिरा उघडली. तोवर रॉकेट नाक खाली करून सुटलेलं, झटक्याने दोरीने नळी चिरली. मी सही केली नाही. कशी करणार? सख्खी मुलगी म्हणून केली असती तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. पुढच्या सत्रात तिने कॉलेज सोडलं. आता लोकांच्या घरात पाण्याचे नळ जोडते. इतक्या एका गोष्टीने माणसाने हाय खावी का? मी तर म्हणतो, धीरच कमी.

आमच्याकडे अशी नळी चिरली की त्याला ‘वाऱ्याची सही’ म्हणतात. इकडचा वारा झोडपतो, माथ्यावर रॉकेट आडवं पाडतो, दहातल्या चारांना ही सही मिळतेच. ज्याला पहिल्यांदा मिळते त्याने सगळ्यांना मिरचीचं कालवण आणि दालचिनीचे गोड पाव खाऊ घालायचे, असा रिवाज आहे. आणि मग जखमेवर पट्टी मारून पुढच्या महिन्यात पुन्हा उडवायचं. कॉरीनच्या वेळी मात्र वाऱ्याची सही म्हणता येईना, कारण त्या दिवशी वाराच नव्हता. झेंडा काठीला चिकटून होता. मग छत्रीच्या घडीशिवाय दुसरं कारण काय उरतं?

२८ सप्टेंबर, शनिवार

उद्या चर्चमध्ये सुगीचं जेवण. रोझलीचा बारा इंची केकचा साचा कुणीतरी नेऊन परत केला नाही. मी गावात जाऊन सहा इंची दोन साचे आणले. सहा आणि सहा बारा. तर ही माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “हे दोन मिळून माझ्या साच्याचे अर्धे होतात. असे चार लागतील.” मी म्हटलं, बाई, सहा दुणे किती? ती म्हणाली, पीठ ओतून बघ. आणि खरंच तिने कालवलेलं पीठ दोघांत मावेना, अर्धं पातेल्यात उरलं. शेवटी शेजारणीकडून आणखी दोन आणले. चारांत बरोब्बर बसलं. बायकांचा हिशेब त्यांनाच कळतो. दिवस वाया गेला.

१२ ऑक्टोबर, शनिवार

गव्हाच्या खुंटांच्या रानात उडवलं. वारा बेताचा. ड्वेनचं रॉकेट सरळ रेषेत गेलं, मला इतकं सुंदर उड्डाण आठवत नाही. वर जाऊन वळलं. मग काही नाही. मी मोजत होतो, एक, दोन, तीन. चारला छत्री उघडली आणि फाटल्याचा आवाज खालपर्यंत आला. नळी चिरली, पुढचा भाग सुटा होऊन शेजारच्या ज्वारीत पडला.

पोरंटोरं ओरडली, वाऱ्याची सही, वाऱ्याची सही. ड्वेन खुर्चीवर बसून होता. छत्रीची घडी मी स्वतः घातली होती. दोनदा.

१३ ऑक्टोबर

छत्रीची घडी मी स्वतः घातली होती.

१९ ऑक्टोबर, शनिवार

ड्वेनने उंचीमापकात साठलेली नोंद ते यंत्र बनवणाऱ्याला पाठवली होती, मला न विचारता. आज त्याचं उत्तर छापून घेऊन आला. त्यात लिहिलंय, नोंदीवरून दिसतं की कप्प्यातली हवा बाहेरच्या हवेच्या मागे रेंगाळत होती. रॉकेट खाली सुटलं तरी यंत्राला वाटत होतं आपण अजून वरच चाललोय. तुमची भोकं मिळून हवेला हवी त्याच्या फक्त पाव वाट देतात, आणि रंगाने तीही बुजत आणली आहेत.

मी म्हटलं, वड्याचं तेल वांग्यावर काढतायत. यंत्र त्यांचं सदोष, आणि दोष आमच्या भोकांना. ड्वेन कागदाची घडी घालू लागला. ते बघून मला जास्तच राग आला. म्हटलं, वीस वर्षं लोकांनी या तक्त्यावर उडवलीत. तेव्हा म्हणाला, “आणि वीस वर्षं फाटलीत.” मग टोपी घालून उठला.

दारात थांबून म्हणाला, मला मागेच शंका आली होती. दोन अर्ध्या इंची पाइपांतून एका इंची पाइपाएवढं पाणी येत नाही, हे बोअरवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मी विचारलं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, “तुझ्या तोंडाला कोण लागणार? कॉरीनचं काय झालं ते बघितलं होतं ना आम्ही सगळ्यांनी.”

मी त्याला जा म्हटलं. तो तसाही चाललाच होता.

२३ ऑक्टोबर, बुधवार

रोझली आवराआवर करत होती, ओट्यावर चार छोटे साचे एकात एक घालून ठेवलेले. मला वाईट सवय, हाताला लागेल ते मोजायचं. सहा इंच. बाराचे निम्मे. आणि असे चार लागले होते.

कागद घेतला. एक वर्तुळ दोन सुतांचं. त्याची जागा चार भोकांत वाटायची, तर व्यास चौथा हिस्सा नाही. निम्मा. एक सूत. अर्धं नाही, एक. चौथा हिस्सा धरला तर प्रत्येक भोक हवं त्याच्या पावपट उरतं. तीनदा करून बघितलं. नववीतला पोरगा करेल असं गणित. मी व्यासाला भागलं, जागेला नाही, आणि ते टाइप करून प्लॅस्टिकमध्ये घालून दाराला ठोकलं.

भोकं पाडून वर रंग द्यायचा, हाही नियम माझाच.

रोझलीने विचारलं, काय झालं रे, तोंड का असं? मी म्हटलं, तुझे साचे बरोबर होते. ती म्हणाली, महिना झाला त्याला. आणि भांडी पुसत राहिली.

२४ ऑक्टोबर

कॉरीनचं रॉकेट खाली उतरवलं. एकट्याला जमेना, पण बोलवायला कुणी नव्हतं. नळीच्या वरच्या बाजूला बोटभर धूळ.

तिचा कप्पा मोठा, चारशे घन इंचाचा. एकच भोक पाडायचं तर अर्ध्या इंचाचं, म्हणजे चार सुतांचं. चारांत वाटायचं तर प्रत्येकी दोन सूत. मोजली. एक सूत आहेत, माझ्या तक्त्याप्रमाणे. चारही अगदी स्वच्छ पाडलेली, कडा आतून बाहेरून घासलेल्या. तिचं काम नेहमीच माझ्यापेक्षा नेटकं. रंग भोकात उतरलाय, टाचणी जेमतेम जाते.

कप्प्याचं झाकण उघडलं. चौदा वर्षांत उघडलं नव्हतं, उघडायचं कारणच काय, सगळं ठरलेलं होतं. आतल्या लाकडी पाटीवर पेन्सिलीने हिशेब आहे. वर्तुळ, त्याची जागा, भागिले चार, उत्तर दोन सूत. त्याखाली दोन रेघा. पुन्हा तोच हिशेब दुसऱ्या पद्धतीने, उत्तर दोन सूत. मग ते खोडून लिहिलंय :

‘डॅडचा तक्ता १ सूत म्हणतो. माझं कुठेतरी चुकतंय, सापडत नाही. डॅडचा काटा चुकत नाही. १ पाडते.’

पाटी घेऊन बसलो होतो. आता त्या दिवसाचं सगळं आठवतं, विसरलो होतो असंही नाही. रॉकेट पडल्यावर ती धावत आली होती, हातात फाटकी नळी, आणि म्हणाली, डॅड, मला वाटतं भोकं लहान पडली, तक्ता एकदा बघायचा का? सगळा क्लब उभा होता. मी म्हणालो, नाचता येईना अंगण वाकडं. लोक हसले. मग तिने हळू आवाजात विचारलं, “मग आज वारा कुठे आहे, डॅड?” ते मी उलट बोलणं समजलो.

पुठ्ठ्याची पाटी फाडली. चुलीत घातली नाही, खिशात ठेवली. का कोण जाणे.

२७ ऑक्टोबर, रविवार

आज फोन वाजला तो मी उचलला. ती म्हणाली, आई कुठाय? मी म्हटलं, आहे, पण आधी माझ्याशी दोन मिनिटं बोल. रोझली सिंकपाशी उभी होती. तिने नळ सोडला आणि तसाच वाहू दिला.

मी म्हटलं, “कॉरीन, माझा तक्ता चुकीचा होता. तुझी भोकं दोन सुतांची हवी होती.”

पलीकडे कुत्रा भुंकला. तिने त्याला गप्प केलं. मग म्हणाली, “माहीत आहे, डॅड.”

“केव्हापासून?”

“रानातून घरी येताना गाडीतच परत हिशेब केला. मागच्या सीटवर. तुम्ही आईला सांगत होता, हिच्यात चिकाटी नाही म्हणून.”

मी विचारलं, मग तेव्हा का नाही बोललीस? ती म्हणाली, बोलले होते, एकदा. सगळ्यांसमोर. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला रागाशी बोलता येतं. मी घाईघाईने सगळं सांगितलं, ड्वेनचं, पत्राचं, साच्यांचं. म्हटलं, तुझी सही अजून करता येते का बघतो, वर लिहून विचारतो. ती म्हणाली, रॉकेट फाटलं ते फाटलं, फाटलेल्यावर सही होत नाही, तुम्हीच शिकवलंय. आणि ते खरं आहे. नियम तसाच आहे.

मग म्हटलं, नवा तक्ता करतो, त्यावर मोठ्या अक्षरात तुझं नाव टाकतो.

“नको,” ती म्हणाली. “माझं नाव तिथे चौदा वर्षं टांगलेलं होतं. पुरे झालं. आईला फोन द्या.”

रोझलीने नळ बंद केला, हात पुसले, आणि फोन घेऊन बाहेर पायऱ्यांवर गेली. बाहेर गारठा होता. बराच वेळ आली नाही.

२ नोव्हेंबर

नवा तक्ता लावला. नाव कुणाचंच नाही. शेजारच्या क्लबाला पत्र टाकलं. मग ड्वेनच्या घरी गेलो, म्हटलं, नवी नळी तयार कर, एक सुताची भोकं, आणि रंग आधी, भोकं नंतर. तो म्हणाला, “केलीय कधीच. तुझ्या कबुलीची वाट बघत बसलो असतो तर गुडघ्यांपाठोपाठ कंबरही गेली असती.” कॉफी दिली. माफी मागितल्यासारखं मी काहीतरी पुटपुटलो, त्याने ऐकलं नसल्यासारखं केलं. चाळीस वर्षांची ओळख आहे म्हणून हे चालतं. मुलीच्या बाबतीत ओळख कुठून आणू? आठवड्यातून एकदा भिंतीपलीकडून ऐकलेली.

दुपारी रोझली शेडमध्ये आली. इथे ती कधीच येत नाही, रंगाचा वास डोक्यात जातो म्हणते. दारात उभी राहून वर तुळईकडे बघत होती. नुसते दोन हुक उरलेत. मी विचारलं, “वास गेला वाटतं?”

“हो,” ती म्हणाली, “गेला.”

लाल रॉकेट कोपऱ्यात आडवं ठेवलंय. तिला विचारलं, याचं काय करू? कॉरीनला पाठवू का? म्हणाली, मी विचारलं तिला. नको म्हणाली. टाकून द्या म्हणाली. मी टाकलेलं नाही. ठेवायचा मला अधिकार नाही, टाकायचा तर त्याहून नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

ज्वारी काढून झाली, रान मोकळं. सकाळपासून वारा असा की टोपी हातात धरून बोलावं लागत होतं. कुणीतरी म्हणालं, आज नको, आज नक्की सही मिळणार. ड्वेन म्हणाला, बघू या.

गेलं. वाऱ्याने तिरकं झालं, तरी गेलं. वर वळलं. मी ‘एक’ म्हणायला तोंड उघडलं आणि छत्री उघडली. तिथल्या तिथे, बरोबर माथ्यावर. कुठे झटका नाही, फाटल्याचा आवाज नाही. पाऊण मैल वाहत गेलं आणि खुंटांत उभंच्या उभं उतरलं. लोक टाळ्या वाजवत होते. नळीवरून मी बोट फिरवून बघितलं, चार भोकं, कुठे केसाएवढी चीर नाही. कागदावर सही केली. सही जरा वाकडी आली. ड्वेन म्हणाला, थंडीने. मी म्हटलं, हो.

त्याने म्हटलं, वसंतात कॉरीनला बोलव, बघू दे तिला. मी म्हटलं, बघू. ती येणार नाही. आता एकोणीसची नाही, तेहतीसची आहे, आणि तिला जे बघायचं होतं ते तिने तेव्हाच कप्प्यातल्या पाटीवर लिहून ठेवलं होतं.

घरी आलो. रोझलीने जेवण वाढलं. उद्या रविवार, फोन येईल, मी टीव्ही लावीन.

तिने विचारलं, कसं झालं? म्हटलं, उघडली, वेळेवर.

“आणि वारा?”

“नेहमीसारखाच होता,” मी म्हटलं.